रक्ताचा डाग गरम पाण्यात टाकला की पक्का का होतो? कपड्यांवरच्या डागांमागचं विज्ञान

पांढऱ्या चादरीवर रक्ताचा डाग पडला की बहुतेक घरांत पुढचं सगळं ठरलेलं असतं. बादलीत कडकडीत गरम पाणी, त्यात मूठभर पावडर आणि वरून ब्रशने जोरजोरात घासणं. तेलकट डबा गरम पाण्याने निघतो, मग डागही निघेल, असा त्यामागचा साधा हिशोब असतो.

होतं मात्र उलटंच. लाल डाग तपकिरी होतो आणि चादर फाटेपर्यंत तिथंच राहतो. मग दोष पावडरीला दिला जातो, कापडाला दिला जातो, कधी वॉशिंग मशीनला दिला जातो. खरं तर रक्त, घाम, लघवी, उलटी, वीर्य यांचे बरेचसे डाग मुळात पक्के नसतातच. ते पक्के होतात आपल्या हाताने. चुकीच्या वेळी लावलेली उष्णता, चुकीच्या क्रमाने वापरलेलं रसायन आणि उशीर, ही त्याची तीन मुख्य कारणं.

उकडलेलं अंडं आणि चादरीवरचा डाग

रक्ताचा साधारण ५५ टक्के भाग म्हणजे प्लाझ्मा हा पातळ द्रव आणि उरलेला भाग म्हणजे पेशी. प्लाझ्मामध्ये अल्ब्युमिनसारखी प्रथिनं विरघळलेली असतात. तांबड्या पेशींमध्ये हिमोग्लोबिन असतं, तेही प्रथिनच. म्हणजे रक्ताचा डाग हा मुख्यतः प्रथिनांचा डाग असतो.

प्रथिनाचा रेणू म्हणजे नीट गुंडाळून ठेवलेला लांबलचक धागा. तो गुंडाळलेला असतो तोवर पाण्यात विरघळतो. उष्णता मिळाली की हा गुंडा सुटतो, सुटलेले धागे एकमेकांत अडकतात आणि त्यांची जाळी तयार होते. कच्च्या अंड्याचा पांढरा भाग पाण्याने सहज धुतला जातो, पण तेच अंडं उकडलं की त्याचं पुन्हा पाणी होत नाही. साधारण ६० अंश सेल्सिअसच्या पुढे अंड्याचा पांढरा भाग घट्ट होऊ लागतो. रक्तातल्या प्रथिनांचंही असंच होतं. फरक इतकाच, की इथे ती जाळी सुती धाग्यांच्या आत तयार होते आणि धाग्याला धरून बसते.

म्हणूनच नियम असा: डाग ताजा असेल तर गार पाणी. नळाचं साधं पाणी चालतं, बर्फ टाकायची गरज नाही. कपडा उलटा करावा आणि डागाच्या मागच्या बाजूने पाण्याची धार सोडावी. त्यामुळे रक्त आलं त्याच वाटेने बाहेर ढकललं जातं. समोरून धार सोडली किंवा घासलं तर ते धाग्यांत आणखी खोल जातं आणि आजूबाजूलाही पसरतं. टिपायचं असेल तेव्हा कडेकडून मध्याकडे टिपावं.

उशीर केला तर काय होतं? रक्त गोठताना त्यातल्या फायब्रिनोजेनपासून फायब्रिन नावाचे चिवट तंतू बनतात. शिवाय हिमोग्लोबिनमधल्या लोहाची हवेतल्या ऑक्सिजनशी क्रिया होते आणि लाल रंग तपकिरी होत जातो. असा वाळलेला डाग नुसत्या धारेखाली जात नाही. तो आधी काही तास गार पाण्यात भिजवावा लागतो.

कुत्र्याच्या विष्ठेतून सुरू झालेली गोष्ट

वाळलेल्या डागावर सगळ्यात कामाची वस्तू आज किराणा दुकानात पावडरीच्या पुड्यात मिळते. तिचं नाव एन्झाइम. ती कपड्यांपर्यंत कशी पोहोचली याची गोष्ट मजेशीर आहे.

कातडी कमावण्याच्या धंद्यात पूर्वी कातडं मऊ करण्यासाठी कुत्र्याची विष्ठा आणि कबुतराची शीट वापरत. ओटो रोम या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने यामागचं कारण शोधायचं ठरवलं. काम विष्ठा करत नव्हती, तिच्यात उतरलेली पचनाची एन्झाइम करत होती. मग त्याने जनावरांच्या स्वादुपिंडातून तीच एन्झाइम काढून कातडी उद्योगाला दिली. कातड्यातली नको असलेली प्रथिनं जी वस्तू पचवते, ती कपड्यावरच्या डागातली प्रथिनं का पचवणार नाही? १९१३ साली रोमने याचं पेटंट घेतलं आणि त्यातून ‘बर्नस’ नावाची कपडे भिजवायची पावडर बाजारात आली.

पण एक अडचण होती. कपडे धुण्याचं पाणी सोड्यामुळे अल्कधर्मी असतं आणि जनावरांच्या पोटातलं एन्झाइम त्यात फार टिकत नसे. हा प्रश्न पुढे जिवाणूंनी सोडवला. बॅसिलस जातीच्या जिवाणूंपासून मिळणारी एन्झाइम अल्कधर्मी पाण्यातही काम करतात, आणि १९६०च्या दशकात ती पावडरींमध्ये आली. सुरुवातीला कारखान्यांतल्या कामगारांना या एन्झाइमच्या धुळीने दम्याचा त्रास होऊ लागला. त्यावर उपाय म्हणून एन्झाइम धूळ उडणार नाही अशा आवरण दिलेल्या दाण्यांत बंद केली गेली. आजच्या अनेक पावडरींत पांढऱ्या भुकटीत रंगीत दाणे दिसतात. त्यातले काही एन्झाइमचे असतात.

प्रथिनं तोडणाऱ्या एन्झाइमला प्रोटीएज म्हणतात, स्टार्च तोडणाऱ्याला अमायलेज आणि तेल-तूप तोडणाऱ्याला लायपेज. प्रोटीएज हे कात्रीसारखं आहे. धाग्याला अडकलेल्या प्रथिनाचे ते लहान लहान तुकडे करतं आणि हे तुकडे पाण्यात विरघळतात. पण कात्रीला वेळ द्यावा लागतो. पावडर टाकून लगेच कपडा पिळला तर एन्झाइमला कामच करता येत नाही. कोमट पाण्यात अर्धा तास ते दोन तास भिजवलं तर फरक दिसतो. पाणी कोमटच हवं, कारण एन्झाइमसुद्धा प्रथिनच आहे. उकळत्या पाण्यात डाग शिजतो आणि डाग काढणारा नोकरही शिजतो.

पैठणीवर हा प्रयोग नको

आता एक अडचण. सूत हे वनस्पतीपासून आलेलं, म्हणजे सेल्युलोज. प्रोटीएजला त्यात रस नाही. पण रेशीम आणि लोकर प्राण्यांपासून येतात, म्हणजे ती स्वतःच प्रथिनं आहेत. प्रोटीएजला डागातलं प्रथिन कोणतं आणि पदरातलं कोणतं हे कळत नाही. त्यामुळे रेशमी साडीवर, पैठणीवर किंवा लोकरीच्या शालीवर अशी पावडर वापरू नये. क्लोरीनचा ब्लीच तर त्यावर अजिबात नको. तो रेशीम-लोकर पिवळी पाडतो आणि धागाच खातो.

अशा कपड्यांवर ताजा डाग असेल तर गार पाण्याने हलकेच टिपावा आणि सौम्य साबण किंवा रिठ्याचं पाणी वापरावं. रिठ्यातलं सॅपोनिन फेस करतं आणि मळ सोडवतं, पण ते प्रथिन तोडणारं एन्झाइम नाही. जरीची, महागडी साडी असेल तर रंग जाईल का याची परीक्षा आतल्या काठावर आधी घ्यावी किंवा सरळ ड्रायक्लीनवाल्याकडे द्यावी. देताना डाग कशाचा आहे ते मात्र सांगावं. लाजून ‘कसला तरी डाग आहे’ असं सांगितलं, तर तो चुकीचा उपाय करण्याची शक्यता वाढते.

पेरॉक्साईडचा फेस आणि घरगुती उपाय

रक्ताच्या डागावर हायड्रोजन पेरॉक्साईड टाकलं की फसफसून फेस येतो. रक्तपेशींमध्ये कॅटालेज नावाचं एन्झाइम असतं. ते पेरॉक्साईडचं पाणी आणि ऑक्सिजन करतं, हा फेस त्या ऑक्सिजनचा. सोबत पेरॉक्साईड हिमोग्लोबिनच्या रंगीत भागावर हल्ला करून तो रंगहीन करतं. पांढऱ्या सुती कपड्यासाठी हा उत्तम उपाय आहे. त्यासाठी ३ टक्क्यांचं द्रावण पुरतं. बाटलीवर ६ टक्के लिहिलं असेल तर तेवढंच पाणी मिसळावं. रंगीत कपड्यावर मात्र ते डागाबरोबर कपड्याचा रंगही नेऊ शकतं.

घरोघरी चालणाऱ्या उपायांचं काय?

मीठ: थोडं मीठ घातलेल्या गार पाण्यात काही प्रथिनं साध्या पाण्यापेक्षा बरी विरघळतात. त्यामुळे ताज्या डागाला मिठाच्या पाण्याचा उपयोग होतो. मात्र खूप मीठ ओतलं तर परिणाम उलटा होऊन प्रथिनं साकळतात. बादलीभर पाण्याला एक-दोन चमचे पुरेत.

लिंबू: ताज्या रक्तावर लिंबू पिळू नये. आम्लामुळेही प्रथिनं साकळतात, दूध फाटतं तसं. पण प्रथिनं निघून गेल्यावर मागे गंजासारखी तपकिरी छटा उरली, तर ती लोहाची असू शकते. तिथे लिंबातलं सायट्रिक आम्ल लोहाला धरून बाहेर काढतं. म्हणजे उपाय चुकीचा नाही, त्याची वेळ चुकते.

हळद: जखमेवर हळद दाबायची पद्धत असल्याने रक्ताबरोबर हळदीचाही डाग पडतो. साबण लावताच तो लालभडक होतो आणि रक्त पसरल्यासारखं वाटतं. घाबरायचं कारण नाही. हळदीतलं कर्क्युमिन अल्कधर्मी पाण्यात लाल दिसतं. रक्ताचा भाग निघाल्यावर कपडा उन्हात टाकावा, कर्क्युमिन उन्हाने फिकं पडतं.

लघवीचा वास पावसाळ्यात परत का येतो?

लघवीत सुमारे ९५ टक्के पाणी असतं. उरलेल्या भागात युरिया, क्षार, युरिक आम्ल आणि पिवळा रंग देणारं युरोबिलिन असतं. जुन्या तांबड्या पेशी मोडल्यावर हिमोग्लोबिनपासून जे पदार्थ बनत जातात, त्यातलाच एक म्हणजे हे युरोबिलिन. आतड्यातल्या जिवाणूंचं कोणतं एन्झाइम यातली महत्त्वाची पायरी घडवतं, हे तर २०२४ साली जाहीर झालेल्या संशोधनातून समजलं.

ताज्या लघवीला फारसा उग्र वास नसतो. जिवाणू युरियाचा अमोनिया करतात तेव्हा तो नाकात झोंबणारा वास येतो. प्राचीन रोममधले धोबी हाच अमोनिया मळ काढायला वापरत. त्यासाठी लघवी गोळा केली जाई, आणि सम्राट व्हेस्पेशियनने तर तिच्यावर कर बसवला होता.

घरातल्या गादीचा प्रश्न वेगळा आहे. युरिया पाण्यात चटकन विरघळतो, युरिक आम्ल मात्र फार कमी विरघळतं. वरवर पुसलेल्या गादीत त्याचे स्फटिक आणि क्षार मागे राहतात. पावसाळ्यात हवा दमट झाली की ते ओल धरतात, जिवाणूंना पुन्हा खुराक मिळतो आणि गेलेला वास परत येतो. म्हणून आधी कोरड्या फडक्याने दाबून जितकं शोषता येईल तितकं शोषावं, मग भरपूर गार पाण्याने भिजवून पुन्हा शोषावं. खाण्याच्या सोड्याचं पाणी युरिक आम्ल विरघळायला थोडी मदत करतं. बाळाची दुपटी आणि लंगोट लगेच पाण्यातून काढले तर साध्या धुण्यात निघतात. साठवून ठेवले की वास पक्का होतो.

घाम पिवळा नसतो, मग बगल पिवळी का?

घाम रंगहीन असतो आणि बगलेतला ताजा घामही जवळजवळ बिनवासाचा असतो. त्यातली प्रथिनं आणि स्निग्ध पदार्थ त्वचेवरचे जिवाणू तोडतात, तेव्हा वास येतो. पिवळेपणा येतो तो कपड्यात राहिलेल्या या पदार्थांमुळे. हवेतल्या ऑक्सिजनने ते हळूहळू पिवळे पडतात. घाम रोखणाऱ्या उत्पादनांमध्ये ॲल्युमिनियमचे क्षार असतात. ते घामातल्या पदार्थांशी मिळून कडक, पिवळसर थर तयार करतात.

अशा पांढऱ्या शर्टावर लोक क्लोरीनचा ब्लीच ओततात आणि शर्ट आणखी पिवळा होतो, कारण हा ब्लीच प्रथिनांना पिवळं करतो. त्यापेक्षा एन्झाइमची पावडर आणि ऑक्सिजन देणारा ब्लीच, म्हणजे सोडियम परकार्बोनेट, यात भिजवणं बरं. पॉलिस्टरचे जिमचे कपडे धुऊनही वास का मारतात, याचंही कारण आहे. पॉलिस्टरला पाणी आवडत नाही, तेल आवडतं. त्यामुळे घामातला तेलकट भाग तो धरून ठेवतो.

आईचं दूध, बाळाने ओकलेलं दूध आणि वीर्य हेही प्रथिनांचेच डाग. गार पाणी आधी, मग एन्झाइम, हाच क्रम तिथेही लागू पडतो. मुलींना अनेकदा काळजीत टाकणारे गडद अंतर्वस्त्रांवरचे फिकट पट्टे मात्र डाग नसतातच. योनीतला स्राव नैसर्गिकरीत्या आम्लधर्मी असतो आणि त्यामुळे कापडाचा रंग उडतो. तो आजार नाही आणि अस्वच्छताही नाही.

मग जंतूंचं काय?

जंतू मारायला उष्णता लागते आणि उष्णतेने डाग पक्का होतो. हा पेच क्रमाने सुटतो. आधी गार पाण्याने डाग काढायचा, त्यानंतर गरम पाण्याने किंवा जंतुनाशकाने कपडा निर्जंतुक करायचा. रुग्णालयांतल्या कपड्यांसाठी अमेरिकेच्या सीडीसीच्या सूचनांमध्ये ७१ अंश सेल्सिअसच्या पाण्यात किमान २५ मिनिटं, असं प्रमाण दिलेलं आहे. क्लोरीनच्या ब्लीचलाही हाच क्रम लागू आहे. कपड्यावर रक्त किंवा मळ असेल तर ब्लीचची ताकद त्यातच खर्च होते आणि जंतू वाचतात.

घरात अंथरुणाला खिळलेला रुग्ण असेल तर दुसऱ्याच्या रक्ताने भिजलेले कपडे हातमोजे घालूनच धुवावेत.

आणि एक गोष्ट कधीही करू नये. ब्लीच आणि संडास साफ करायचं आम्ल एकत्र केलं तर क्लोरीन वायू तयार होतो. ब्लीच लघवीने भिजलेल्या कपड्यावर ओतला तर त्यातल्या अमोनियाशी मिळून क्लोरामाइन नावाचे विषारी वायू तयार होतात. बंद न्हाणीघरात हे जिवावर बेतू शकतं. ‘दोन्ही टाकलं की डबल स्वच्छ’ असं सांगणारे व्हिडिओ दिसले तर पुढे पाठवू नयेत.

जेव्हा डाग काढायचाच नसतो

डोळ्यांना दिसत नाही म्हणजे डाग संपला असं नाही. १९३०च्या दशकापासून रक्ताचा माग काढायला ल्युमिनॉल हे रसायन वापरलं जातं. हिमोग्लोबिनच्या संपर्कात ते निळसर चमकतं आणि धुतलेल्या जागीही उरलेलं रक्त दाखवू शकतं. धुतलेल्या कपड्यांवरूनही डीएनए मिळाल्याचे अभ्यास आहेत.

म्हणूनच लैंगिक अत्याचाराच्या घटनेत त्या वेळचे कपडे धुवू नयेत. ओले असतील तर सावलीत वाळू द्यावेत आणि प्रत्येक कपडा वेगळ्या कागदी पिशवीत ठेवावा. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल कोंडते, बुरशी येते आणि पुरावा खराब होतो. घाबरून आधीच कपडे धुतले गेले असतील, तरी ‘आता काही उपयोग नाही’ असं समजू नये. ते कपडे तसेच जपून पोलिसांकडे किंवा डॉक्टरांकडे द्यावेत. तातडीच्या मदतीसाठी ११२ आणि महिलांसाठी १८१ हे क्रमांक आहेत.

लपवलेला डाग

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, १५ ते २४ वयाच्या सुमारे निम्म्या मुलींनी मासिक पाळीत कापड वापरत असल्याचं सांगितलं. काही जणी पॅड आणि कापड दोन्ही वापरतात. कापड वापरण्यात गैर काही नाही, पण ते नीट धुतलं आणि पूर्ण वाळलं पाहिजे.

अडतं नेमकं इथेच. घरातल्यांना दिसू नये म्हणून ते कापड दिवसभर कोपऱ्यात दडवलं जातं. तोवर रक्त वाळतं आणि तंतू घट्ट होतात. मग रात्री घाईघाईत गरम पाण्याने ते धुतलं जातं आणि उरलेलं प्रथिन शिजतं. शेवटी दोरीवर साडीच्या किंवा टॉवेलच्या खाली, जिथे ऊन पोहोचत नाही तिथे, ते दमट राहतं. डाग पक्का करायला आणि जंतू वाढवायला जे जे लागतं ते सगळं या लपवाछपवीत आपोआप घडतं. अंथरूण ओलं केलेलं पोर मार बसेल म्हणून चादर घडी करून ठेवतं, तिथेही हेच होतं.

उपाय स्वस्त आहे. वापरलेलं कापड शक्य तितक्या लवकर गार पाण्यात टाकायचं, पाणी लाल होणं थांबेपर्यंत बदलायचं, साबणाने धुवायचं आणि मग हवं तर गरम पाण्यातून काढायचं. त्यानंतर घरातल्या इतर कपड्यांसारखं भर उन्हात, उघड्यावर वाळवायचं. उन्हातले अतिनील किरण जंतू मारतात आणि ऊन फुकट मिळतं. वाळत घालण्याआधी डाग खरंच गेला का ते उजेडात एकदा बघावं. थोडा जरी उरला असेल तर पुन्हा भिजवावं. इस्त्री मात्र डाग पूर्ण गेल्यावरच फिरवावी.